तमाशा कोणाचा?

धान्य मोजावयास पायली लागते, कापड मोजावयास गज लागतो. परंतु एक सबंध मानवसमाज मोजावयास हल्लीं दीड दिवस आणि दोन जेवणें पुरतात, असें आमच्या सुशिक्षित प्रवाशांच्या बोलण्यावरून दिसतें. न्यूझीलंडच्या उत्तर बेटांतील रोटोरुआ हा उष्णोदकाचा प्रदेश पाहून परतणारीं मध्यमवर्गीय दांपत्यें आतां आपल्या समाजांत कमी नाहींत. त्यांच्या गप्पांतून, मंडळांपुढें होणाऱ्या सचित्र व्याख्यानांतून आणि दिवाळी अंकांतील प्रवासवर्णनांतून तेथील माओरी लोकांविषयीं एकच निकाल ऐकूं येतो. ‘जमीन पाहण्यासारखी आहे, माणसें मात्र निव्वळ नाटक आहेत. खरा माओरी केव्हांच संपला. आतां उरला आहे तो तिकिटाचा माओरी.’ हा निकाल खोटा आहे, अन्यायाचा आहे, आणि ज्यांच्याविषयीं तो दिला जातो त्यांच्यापेक्षां देणारांचेंच चित्र त्यांत अधिक स्पष्ट उमटतें, असें आमचें मत आहे. तें सकारण मांडावें एवढाच या लेखाचा हेतु.

आम्हीं हा प्रदेश नकाशावर पाहिलेला नाहीं. आम्ही उभयतां ऑकलंडहून निघणाऱ्या सहलीच्या बसनेंच तेथें गेलों, आणि बसमधील बहुतेक मंडळी आपल्याकडचीच होती. सुमारें २३० किलोमीटरांचा रस्ता संपत आला कीं रोटोरुआ प्रथम नाकास कळतें. हायड्रोजन सल्फाइड वायूचा तो उग्र दर्प पहिल्या तासांत असह्य वाटतो आणि दुसऱ्या दिवशीं जाणवेनासा होतो. शहराच्या भरवस्तींतील कुइराउ बागेंत कुंपणापलीकडे राखाडी चिखल पिठल्यासारखा रटरटत असतो, आणि कुंपणाअलीकडे मुलें झोक्यांवर खेळत असतात. पृथ्वीच्या पोटांतील आगीशीं इतक्या घरोब्यानें राहणारा समाज आम्हांस अन्यत्र आढळला नाहीं.

शास्त्रज्ञ सांगतात कीं, पॅसिफिक महासागराचें भूपट्ट ऑस्ट्रेलियाच्या भूपट्टाखालीं सरकत असल्यामुळें या भागांत ज्वालामुखींचा एक लांबच लांब पट्टा निर्माण झाला आहे. समुद्रांतील फाकाआरी बेटापासून रोटोरुआवरून तो नैऋत्येस तोङारिरो पर्वताच्या बाजूस जातो. माओरी पुराणकथा सांगते कीं, ते आरावा नांवाच्या होडींतून आलेला ङातोरोइराङि हा पुरोहित तोङारिरोच्या शिखरावर थंडीनें काकडूं लागला, तेव्हां त्यानें दूर हवाइकि या मूळभूमींत राहिलेल्या आपल्या बहिणींस हांक मारिली. त्यांनीं अग्नि पाठविला, आणि तो समुद्राखालून येतांना प्रथम फाकाआरीस, मग रोटोरुआस असा जागोजाग वर येत येत भावापाशीं पोंचला. दोन्ही वर्णनें नकाशावर काढून पाहावीं; रेघ एकच निघते. ज्यांनीं भूगर्भशास्त्राचें एकही पुस्तक नसतां ही रेघ ओळखली, त्यांच्या कथेस आमच्या बसमध्यें ‘परीकथा’ हा एकच शेरा मिळाला.

येथें एका अक्षराविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. ‘क ख ग घ ङ’ म्हणतांना त्या शेवटच्या ‘ङ’चें काय करावयाचें, हें कोणत्याही मराठी मुलास कळत नाहीं, कारण आपल्या भाषेंत त्यानें आरंभ होणारा शब्दच नाहीं. माओरी भाषेंत मात्र या वर्णानें शब्दांचा आरंभ होतो. कुळवाचक ‘ङाती’ हा शब्द त्यानेंच सुरू होतो. नाकास नाक लावून करावयाचें अभिवादन तें ‘होङि’, आणि भूमींतील भट्टींत शिजविलेलें अन्न तें ‘हाङि’. इंग्रजास हीं नांवें लिहावयास दोन अक्षरें जोडावीं लागतात; देवनागरींत त्यांच्यासाठीं जागा तयार आहे. असें असतां आमचे प्रवासी तीं नांवें इंग्रजींतून वाचून तोडतात, मोडतात आणि वर हंसतात. ज्या खेड्यास सर्व जण संक्षेपानें फाकारेवारेवा म्हणतात त्याचें पूर्ण नांव ‘ते फाकारेवारेवाताङा ओ ते ओपे ताउआ आ वाहिआओ’ असें आहे. वाहिआओ या पूर्वजाच्या युद्धपथकाच्या उठावणीची स्मृति त्यांत आहे. वाटाडीनें तें नांव सर्वांकडून म्हणवून घेतलें तेव्हां बसमध्यें हंशा पिकला. ‘क्षत्रियकुलावतंस’ पासून सुरू होणारी बिरुदावली ज्यांच्या घरच्या मुलांस तोंडपाठ असते, त्यांस दुसऱ्याच्या लांब नांवाचें हंसू कां यावें, हें आम्हांस उमगलें नाहीं.

असो. आतां प्रतिपक्षाचे आक्षेप एकेक करून पाहूं.

पहिला आक्षेप असा कीं, तेथें निसर्ग देखील बनावट आहे. पुरावा म्हणून वाइ-ओ-तापु येथील लेडी नॉक्स या कारंज्याचें उदाहरण हटकून दिलें जातें. रोज सकाळीं सव्वादहा वाजतां एक मनुष्य प्रेक्षकांपुढें येतो, कारंज्याच्या तोंडांत साबणासारखा पदार्थ टाकतो, आणि थोड्याच वेळांत उकळत्या पाण्याचा फवारा उसळतो. हें सर्व खरें आहे. परंतु या युक्तीचा उगम कोठला? १९०१ च्या सुमारास सरकारच्या उघड्या तुरुंगांतील कैदी तेथील गरम पाण्यांत कपडे धूत असतां साबणामुळें पाणी उसळलें आणि ही गोष्ट ध्यानांत आली. पुढें त्या कारंज्यास गव्हर्नराच्या मुलीचें नांव देण्यांत आलें. म्हणजे कैदी सरकारचे, साबण सरकारचा, नांव गव्हर्नराच्या घरचें. आणि बनावटीचा ठपका मात्र माओरींच्या माथीं! उलट फाकारेवारेवा येथील पोहुतु हें कारंजें कोणाच्या साबणाची वाट पाहत नाहीं. तें दिवसांतून अनेक वेळां आपल्या मर्जीनें उसळतें, आणि कधीं कधीं ३० मीटरपर्यंत जातें.

खऱ्या कारंज्यांची हत्या कोणीं केली हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं वाइराकेई येथें जावें. तेथें १९५८ सालीं भूगर्भांतील वाफेवर चालणारें वीजगृह सुरू झालें, आणि जवळच्या खोऱ्यांतील प्रसिद्ध कारंजीं आटून गेलीं. ओराकेई कोराको येथील बहुतेक झरे १९६१ सालीं ओहाकुरि धरणाच्या पाण्याखालीं बुडाले. खुद्द रोटोरुआंत घरें व पथिकाश्रम ऊब मिळविण्यासाठीं जमिनींत नळ्या खुपसून गरम पाणी ओढूं लागले, तेव्हां पोहुतुचाही प्राण कंठाशीं आला. शेवटीं १९८६-८७ सालीं सरकारनें पोहुतुपासून दीड किलोमीटरच्या आंतील विहिरी बंद करविल्या, आणि हळूहळू पाण्यास पूर्वीचा जोर येऊं लागला. वीज वापरणारा मनुष्य विजेची निंदा करूं शकत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण कृत्रिमतेचा हिशेब मांडावयाचा तर तो पुरता मांडावा. साबणाची वडी मोजावयाची आणि धरण मोजावयाचें नाहीं, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘हे लोक आपली संस्कृति विकतात,’ असें म्हटलें जातें. ही तक्रार नवीन आहे असें बोलणारांस वाटतें. वास्तविक ती सव्वाशें वर्षांहून जुनी आहे. रोटोमहाना सरोवराच्या कांठीं गुलाबी आणि पांढऱ्या सोपानांसारखे सिकतेचे दोन प्रचंड थर होते. जगाच्या पाठीवरील एक आश्चर्य म्हणून युरोपांतून प्रवासी ते पाहावयास येत. ती भूमि तूहोउराङि कुळाची होती. प्रवाशांस होडींतून नेण्याचे, वाट दाखविण्याचे आणि चित्रें अगर छायाचित्रें काढूं देण्याचे ते पैसे घेत. तेव्हांचे गोरे पाहुणे ‘माओरी लोभी झाला’ म्हणून कुरकुरत. आपल्या मालकीच्या दारांत आपण दर ठरविणें याचें नांव लोभ, आणि आगबोटीच्या कंपनीनें किंवा हॉटेलवाल्यानें दर ठरविणें याचें नांव व्यापार, ही व्यवस्था त्या काळच्या साहेबास शोभून गेली. ती आपण आज त्याच्याच शब्दांत घोकावी, हें मात्र शोभत नाहीं.

या कुळानें ते वाइरोआ या गांवीं १८८१ च्या सुमारास ‘हिनेमिहि’ नांवाचें कोरीव सभागृह उभारिलें. त्यांतील लाकडी पूर्वजांच्या डोळ्यांत परंपरेप्रमाणें शिंपल्याचा तुकडा बसवावयाचा. येथें सोन्याची नाणीं बसविलीं होतीं. पाहुण्यांकडून मिळालेल्या धनाचा तो उघड आणि थोडा मिस्किल उपयोग होता. १० जून १८८६ च्या रात्रीं तारावेरा पर्वत फुटला. सोपान नष्ट झाले, ते वाइरोआ चिखल व राखेखालीं गाडलें गेलें, सुमारें १२० माणसें मेलीं. त्या रात्रीं कित्येकांचे प्राण हिनेमिहीच्या छपराखालीं वांचले. आणि सोफिया हिनेराङि या प्रसिद्ध वाटाडीच्या झोपडींत साठांहून अधिक माणसांनीं आश्रय घेतला. पुढें १८९२ सालीं तेंच सभागृह गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो यानें ५० पौंडांस विकत घेतलें आणि इंग्लंडांत सरे परगण्यांतील आपल्या क्लँडन पार्क या वाड्याच्या बागेंत नेऊन उभें केलें. ज्या घरानें माणसें वांचविलीं तें बागेची शोभा झालें. आतां संस्कृतीचा बाजार कोणीं मांडला, हें वाचकांनींच ठरवावें.

जमिनीची कहाणी याहून निराळी नाहीं. १८८० सालीं रोटोरुआच्या माओरी मालकांशीं करार झाला कीं, शहर वसवावें, भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें द्यावे आणि भाडें मालकांस मिळावें. १८८१ सालीं उष्णोदकप्रदेशाचा कायदा झाला आणि या व्यवहाराचीं सूत्रें सरकारच्या हातीं गेलीं. पुढें भाडेकरूंनीं भाडें थकविलें, तारावेराच्या उत्पातानें प्रवासी आटले, आणि दशक संपतां संपतां गरजेस आलेल्या मालकांकडून सरकारनें शहराची जमीन विकत घेतली. १९०१ सालीं न्यूझीलंड सरकारनें प्रवासी व आरोग्यस्थानें यांचें स्वतंत्र खातें काढिलें. असें खातें काढणारें तें जगांतील पहिलें सरकार, असा त्याचा लौकिक आहे. लौकिक खरा आहे. परंतु खातें निघालें त्यापूर्वीं तीस वर्षें तरी पाहुणचाराचा तो व्यवसाय माओरी कुळें स्वतः चालवीत होतीं, हें त्या लौकिकाच्या कागदावर सहसा लिहिलेलें नसतें.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, रोटोरुआचा माओरी तिकिट लावतो तेव्हां तो संस्कृति विकावयास नव्यानें बसलेला नसतो. आपल्या हातून गेलेला धंदा परत मिळवीत असतो. फाकारेवारेवाची जमीन कायद्यानें २००९ सालीं, आणि तेथील कलासंस्था २०२० सालीं स्थानिक माओरींच्या स्वाधीन झाली. सर अपिराना ङाता यांच्या प्रयत्नानें १९२६ च्या कायद्यान्वयें कोरीव कामाची जी शाळा रोटोरुआंत निघाली, तिचीच परंपरा १९६३ सालीं स्थापन झालेली ही संस्था चालविते. तेथें तरुण विद्यार्थी लांकूड, हाड आणि हिरवा दगड कोरावयास शिकतात, व त्यांच्या शिक्षणास तुमच्या आमच्या तिकिटाचा पैसा उपयोगीं पडतो. कीर्तनकार बुवांस बिदागी दिली म्हणून कीर्तन खोटें होतें काय? पेणचा मूर्तिकार गणपतीचे पैसे घेतो. चतुर्थीस त्याच मूर्तीपुढें आपण हात जोडतों. येवल्याच्या विणकरानें पैठणीचें मोल घेतलें म्हणून लग्नांतली पैठणी नाटकी ठरत नाहीं. घरच्या कारागिरास एक न्याय आणि परक्यास दुसरा, असें कां?

यावर एक चांगला आक्षेप निघतो, आणि तो टाळणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. कीर्तनास बसलेले श्रोते भाविक असतात. रोटोरुआच्या प्रयोगास बसलेले प्रेक्षक परके असतात. ज्यांस अर्थ कळत नाहीं त्यांच्यापुढें केलेला विधि हा विधि राहतच नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु येथें विधि कोणता आहे हें पाहिलें पाहिजे. परक्याचें स्वागत करण्याचा जो विधि माओरींत आहे, त्यास ‘पोफिरि’ म्हणतात. त्यांतील पहिला भाग ‘वेरो’ हा. एक योद्धा भाला परजीत, डोळे वटारून, जीभ बाहेर काढून पाहुण्यांवर चालून येतो आणि जमिनीवर एक खूण ठेवतो. पाहुण्यांच्या प्रमुखानें ती नजर न काढतां उचलली, तर तो शांततेनें आला असें ठरतें. म्हणजे हा विधि मुळांत परक्यासाठींच जन्मास आला आहे. अनोळखी माणूस मित्र कीं शत्रु, याचा निर्णय करण्याची ती रीत आहे. परका समोर नसेल तर वेरोला अर्थच नाहीं. तेव्हां आपल्या उपस्थितीनें विधि भ्रष्ट होत नाहीं. तो होतो आपल्या वागणुकीनें.

आणि ती वागणूक कशी असते? आमच्या सहलींत संध्याकाळच्या कार्यक्रमापूर्वीं बसमधील एका गृहस्थांस सर्वांचा प्रमुख नेमण्यांत आलें. ‘योद्धा समोर येईल तेव्हां हंसूं नका, हा आमच्याकडे आदराचा प्रसंग आहे,’ असें वाटाडीनें अगदीं स्वच्छ शब्दांत सांगितलें. योद्धा पुढें आला, आणि आमच्या रांगेंतून खिदळण्याचा आवाज उठला. एकानें परत जीभ काढून दाखविली. त्याच्या सौभाग्यवतींनीं त्याचें छायाचित्र घेतलें. परततांना आमच्या मंडळींनीं हलक्या आवाजांत या गोष्टीचा उल्लेख केला, तेव्हां त्या गृहस्थांनीं दिलेलें उत्तर आम्ही जसेंच्या तसें देतों. ‘पैसे भरले आहेत, साहेब. हंसायलाही बंदी आहे काय?’

या एका वाक्यांत सर्व रोग आहे. ज्यानें पैसे भरले तो यजमानाचा धनी झाला, ही समजूत त्याच्या मुळाशीं आहे. आणि गंमत अशी कीं, ‘त्यांनीं सर्व पैशासाठीं मांडलें आहे’ असा निकाल दुसऱ्या दिवशीं न्याहारीच्या वेळीं देणारेही हेच गृहस्थ होते. पैशाचें नातें प्रथम आपण लावावयाचें, आणि मग त्या नात्याबद्दल दुसऱ्यास दोष द्यावयाचा! तमाशा त्या अंगणांत झाला खरा. पण तो योद्ध्यानें केला नाहीं.

दीड दिवसांत समाज कळत नाहीं, हें सहल आंखणारेही जाणतात. तरी ते दीडच दिवस देतात, कारण तेवढेच मागितले जातात. दोन तासांचा स्वागतसमारंभ पाऊण तासांत उरकतो, कारण ‘आपलें जेवण’ आठ वाजतां दुसऱ्या टोकाच्या उपाहारगृहांत मांडलेलें असतें. शाकाहाराबद्दल आमची तक्रार नाहीं; आमच्या घरींही तोच आहे. परंतु हाङिच्या भट्टींत मांसाबरोबर रताळीं, बटाटे आणि भोपळाही शिजतो, हें विचारण्याची तसदी किती जण घेतात? संस्कृति आंखूड झाली ही ओरड करणारानें, ती कापणारी कात्री कोणाच्या हातीं आहे तेंही पाहावें.

तिसरा आक्षेप म्हणजे ‘खरा माओरी संपला.’ हें भविष्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ विद्वान गोऱ्यांनीं वर्तविलें होतें, आणि त्या वेळीं तें संभवनीयही दिसत होतें. १८९६ च्या खानेसुमारींत माओरींची संख्या ४२ हजारांच्या आसपास उतरली होती. २०२३ च्या खानेसुमारींत ती ८ लक्ष ८७ हजारांवर, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या सुमारें १८ टक्के भरली. मेलेल्याचें लक्षण हें नव्हे. वाटाड्याच्या खिशांत मोबाइल वाजला म्हणून तो खरा माओरी नव्हे, असें म्हणणारांनीं आपल्या भटजीबुवांचा खिसा तपासून पाहावा.

वाटाड्यांचीच गोष्ट निघाली आहे, तर माकेरेति उर्फ मॅगी पापाकुरा हिचें चरित्र आमच्या वाचकांस ठाऊक असावें. ही १८७३ सालीं जन्मली. आई माओरी, बाप इंग्रज. फाकारेवारेवा येथें वाट दाखविण्याचें काम करीत असतां १९०१ सालीं तिनें पुढें पंचम जॉर्ज झालेल्या राजपुत्रास व त्याच्या पत्नीस तो प्रदेश दाखविला. नंतर ती इंग्लंडांत गेली आणि ऑक्सफर्ड येथें मानववंशशास्त्राचा अभ्यास करूं लागली. आपल्या लोकांच्या जुन्या जीवनाविषयींचा तिचा प्रबंध तयार होत आला असतां १९३० सालीं तिला मृत्यु आला; तो ग्रंथ १९३८ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि ऑक्सफर्ड विद्यापीठानें तिला मरणोत्तर पदवी दिली ती २०२५ सालीं. छायाचित्रांची पोस्टकार्डें ज्या बाईच्या चेहऱ्यावर खपलीं, तिनें लेखणी उचलून सांगितलें कीं, आमच्याविषयीं आम्हीच लिहूं. अशा परंपरेंतील वाटाडीस आमचे लोक विचारतात काय, तर ‘स्नानगृह कोठें आहे?’

दुसरी एक गोष्ट मराठी माणसानें तरी विसरूं नये. फाकारेवारेवाच्या पुलाखालच्या ओढ्यांत माओरी मुलें प्रवाशांनीं फेकलेलीं नाणीं बुडी मारून काढीत. दुसऱ्या महायुद्धांत जी २८ वी माओरी पलटण लढली, तिच्यांतील रोटोरुआकडील जवानांच्या ‘बी’ कंपनीस याच खेळावरून ‘नाण्यांचे पाणबुडे’ असें टोपणनांव पडलें होतें. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनिओ नदीवर जो हल्ला झाला, त्यांत न्यूझीलंडची डिव्हिजन आणि आठवी हिंदी डिव्हिजन शेजारीं शेजारीं होत्या. त्याच दिवशीं त्याच नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ज्यांचे आजे एका नदीवर एकाच संध्याकाळीं गोळ्या झेलीत होते, त्यांच्या नातवांनीं एकमेकांस तिकिटवाला आणि विदूषक म्हणून ओळखावें, ही ओळख फार तोकडी आहे.

आतां शेवटचा आणि आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. ‘यांची भाषा तरी कोठें उरली?’ असा प्रश्न आमच्या बसमध्यें निघाला. ती जाऊं लागली होती, ही गोष्ट खरी. शाळांतून ती बोलल्याबद्दल छड्या खाल्लेल्या पिढीनें मुलांशीं इंग्रजी धरिलें आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती वेगानें मागें पडली. पण मग त्या लोकांनीं काय केलें? १९७२ सालीं तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढें ठेविला. १९८२ सालीं पहिलें ‘कोहाङा रेओ’, म्हणजे भाषेचें घरटें, निघालें. तेथें म्हाताऱ्या आज्या लहान मुलांस मांडीवर घेऊन माओरींतच बोलत. १९८७ सालीं माओरी ही देशाची राजभाषा झाली. २०१७ सालीं रोटोरुआ शहरानें आपण द्विभाषी असल्याचें जाहीर केलें, आणि आज तेथील पाट्या दोन्ही भाषांत आहेत. ती भाषा अजून सुरक्षित झाली असें तेथील कोणीही म्हणत नाहीं. पण तिच्यासाठीं झटणारीं माणसें घरोघर आहेत.

आणि हा प्रश्न विचारणारे कोण होते? आमच्या बसमधील चार दांपत्यांचे मुलगे-मुली ऑकलंडांत नोकरीस आहेत. नातवंडांस मराठी वाचतां येत नाहीं, बहुतेकांस बोलतांही येत नाहीं, हें आजी-आजोबा कौतुकमिश्रित हताशपणें सांगत होते. दोष परदेशाचा म्हणावा, तर पुण्या-मुंबईंतील नातवंडांची स्थिति फारशी निराळी नाहीं. दहा कोटींच्या आसपास माणसांची भाषा घरांतून जाऊं देऊन आपण स्वस्थ बसतों, आणि पांचपन्नास आज्यांनीं मांडीवर घेऊन वांचविलेल्या भाषेविषयीं ‘उरली कोठें?’ म्हणून विचारतों! रोटोरुआस जाऊन पाहण्यासारखें खरोखर कांहीं असेल, तर तें उकळत्या चिखलाइतकेंच हें घरटें आहे. आणि तेंच सहलीच्या पत्रिकेंत नाहीं.

याचा अर्थ कोणीं सहलीस जाऊं नये, असा नव्हे. बसनें जाण्यांत कमीपणा नाहीं. पांथस्थास जें वाहन परवडेल तें त्यानें घ्यावें. ती भूमि देखील खेळणें नाहीं, एवढें मात्र ध्यानांत असावें. ९ डिसेंबर २०१९ रोजीं फाकाआरी बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हां सहलीस गेलेले प्रवासी आणि त्यांचे वाटाडे मिळून २२ जण मृत्यु पावले. ज्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या अशा भूमीवर चुली मांडल्या, त्यांस तिच्याविषयीं सांगण्यासारखें पुष्कळ असतें. तें ऐकावयास वेळ काढावा. दीडाऐवजीं तीन दिवस ठेवावे. फाकारेवारेवाच्या गांवांत, जेथें आजही वाफेवर अन्न शिजतें आणि माणसें राहतात, तेथें तेथल्याच वाटाडीबरोबर फिरावें व तिचें म्हणणें संपेपर्यंत छायाचित्रयंत्र खालीं ठेवावें. निघण्यापूर्वीं १८४० च्या वाइताङि कराराविषयीं चार पानें वाचावीं. दहा शब्द शिकावे आणि नांवें नीट उच्चारावीं. ‘ङ’ आपल्या घरींच पडून आहे, तो तरी कामास येईल.

आणि वेरोच्या वेळीं प्रमुख होण्याची पाळी आपणांवर आली, तर पुढें ठेवलेली खूण गंभीरपणें उचलावी. आपण शांततेनें आलों आहों, एवढेंच तींत कबूल करावयाचें असतें. तेवढें ज्यास साधेल, त्यानें मग परत आल्यावर माओरींविषयीं खुशाल मत द्यावें. आम्ही तें आदरानें ऐकूं.